दहा बार आणि आचाऱ्याचं नाक

तापातून उठल्यावर आचाऱ्याचं नाक गेलं, हे सगळ्यात आधी मला कळलं, आणि तेही हिंगाच्या डबीमुळे. माझा धंदा मंडपाचा, त्याचा स्वयंपाकाचा. अंबाजोगाई आणि आसपासच्या गावांतल्या लग्नांत बावीस वर्षं आम्ही बरोबर काम करतो. मी खांब रोवतो, तो चुली मांडतो. त्या दिवशी माझ्या गोदामात आम्ही सामानाची यादी करत बसलो होतो. त्याच्या पिशवीत डबीचं झाकण निघालेलं. सगळं गोदाम हिंगानं भरलं होतं, मला शिंकांवर शिंका येत होत्या, आणि तो शेजारी बसून शांतपणे म्हणाला, "हिंग आणायचा राहिलाय, लिही."

मी लिहिलं नाही. त्याच्याकडे बघत राहिलो. मला कळलंय हे त्यालाही कळलं.

"किती दिवस झाले?"

"ताप आला तवापासून. तीन आठवडे."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"येईल म्हणले. कवा, ते न्हाई सांगितलं. येगयेगळे वास घेत राहा म्हणले."

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर अडलं नसतं. याचं अडत होतं, कारण हा आचारी नैवेद्य दाखवल्याशिवाय पदार्थ चाखत नाही, चुलीपाशी दुसऱ्या कुणाला चाखूही देत नाही. त्याचा बाप चाखत नव्हता, हाही नाही. हजार पानांचा स्वयंपाक असो, सगळा वासावर. येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीवर वाकायचा, वाफेत तोंड धरायचा आणि म्हणायचा, "दोन मुठी मीठ अजून." हे कसं होतं ते मला सांगता येणार नाही. बावीस वर्षांत त्याचं मीठ चुकलेलं मी पाहिलं नाही, एवढं मात्र सांगतो. आताही त्याच्या जिभेला खारट, तिखट कळत होतं. पण जीभ लावायचीच नव्हती, तर तिचा उपयोग काय?

समोर घाटनांदूरचं लग्न होतं. मुलीचे आईबाप ऊसतोडीवरून नुकतेच परत आलेले. गावात पहिल्यांदाच एवढं मोठं कार्य करत होते आणि आचाऱ्याची सुपारी त्यांनी दिवाळीआधीच, तोडणीला निघताना देऊन ठेवली होती. काम जमणार नसेल तर त्यांना दुसरा माणूस शोधायला वेळ मिळायला हवा. मी दिवस मोजले. तेवढा वेळ सोडून आमच्या हातात दहा होते.

आमच्यातला तिसरा एसटीत कंडक्टर आहे. त्याला सांगितल्यावर तो आधी म्हणाला, "मग चाख की बे चमचाभर. कोण बघतंय?"

"ज्याच्यासाठी थांबतो, तो बघतोय की," आचारी म्हणाला.

कंडक्टरनं डोकं खाजवलं आणि दुसरा उपाय काढला. वेगवेगळे वास घ्यायचे, तेही गावात बोभाटा न होता. बाजारात मसाल्याच्या दुकानांतून हा माणूस हुंगत फिरला तर संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळेल. पण बारमध्ये ग्लास हुंगणाऱ्याकडे कोण बघतो? शिवाय प्रत्येक बारचा चकना वेगळा. रोज नवा बार धरायचा, म्हणजे तो आठवणीवरून उत्तरं देणार नाही.

"अन् आपल्यालाबी औषध घेतल्यावानी घेता येईल," कंडक्टर म्हणाला. यात त्याचा थोडा स्वार्थ होता, हे मी नाकारत नाही.

मी वही केली. रकाने चार: बार, पदार्थ, त्याचं उत्तर, शेरा. वेळ संध्याकाळी सात ते साडेआठ. मी अर्धी बिअर, कंडक्टर त्याच्या मनाप्रमाणे, आचारी एकच पेग, तोही हुंगण्यासाठी. तो डोळे मिटणार, मी ताटली त्याच्या नाकाखाली धरणार.

पहिला बार एसटी स्टँडच्या मागचा. लसणाची चटणी, उकडलेलं अंडं, लिंबाचं लोणचं. तीनही वेळा उत्तर, "न्हाई." दुसऱ्या दिवशी मी तळलेलं सुकट मागवलं. त्या वासानं शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून लांब जाऊन बसले. आचारी डोळे मिटून बराच वेळ थांबला आणि आशेनं म्हणाला, "पापड?"

कंडक्टर हसला नाही. वेटर मात्र थबकला. डोळे मिटलेला एक धिप्पाड माणूस सुकटावर वाकलेला बघून त्यानं विचारलं, "यांना काय झालं?"

"ध्यान लागलंय," कंडक्टर म्हणाला. "सोडा आण, तू जा."

तिसरा, चौथा, तेच. एका ठिकाणी नुसत्या फिनेलचाच वास होता, तोही त्याला आला नाही. वहीत मी एकाखाली एक फुल्या मारत गेलो. त्या फुल्यांकडे तो बघत नसे, पण पेन कागदावर टेकलं की त्याची मान खाली जाई.

पाचवा बार घाटनांदूरच्या रस्त्यावरचा. पत्र्याचं शेड, आणि स्वयंपाकघर नि आमच्यामध्ये फक्त गोणपाटाचा पडदा. मी भजी सांगितली होती. ती यायच्या आधीच, डोळे मिटलेले असतानाच, आचारी म्हणाला, "भजी आत कच्ची राहणार."

कंडक्टर उडालाच. "वास आला बे याला! लिही, लिही!"

मी वहीत भली मोठी बरोबरची खूण केली. भजी आली. मी एक मोडलं. आत ओलं पीठ. मला इतका आनंद झाला की मी आणखी अर्धी बिअर सांगितली. माझ्या नियमात ती बसत नव्हती.

"वास न्हाई आला," आचारी म्हणाला.

"मग?"

"ऐकू आलं. तेल तापायच्या आधीच सोडली त्यानं. पीठ थंड तेलात पडलं की पुटपुटतं. तापलेल्यात पडलं की टाळ्या वाजवतं. हे पुटपुटत होतं."

त्याच्या दृष्टीनं ही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. मी खूण खोडली आणि फुली मारली, कारण परीक्षा नाकाची होती. घरी आल्यावर वही पुन्हा उघडली तेव्हा मला माझ्या वेंधळेपणाची लाज वाटली. पाच दिवस मी या माणसाला नको तो प्रश्न विचारत होतो. दुसऱ्या दिवशी पट्टीनं रेघ मारून पाचवा रकाना आखला: कान.

सहाव्या बारपासून आम्ही स्वयंपाकघराला लागून टेबल धरू लागलो. तिथे टीव्हीवर क्रिकेटची मॅच मोठ्यानं चालू होती, शेजारी चौघे कुणाच्या तरी सरपंचपदावरून भांडत होते. आचारी डोळे मिटून बसला. मधेच पुटपुटला, "काढ. काढ की आता." थोड्या वेळानं, "जळाला." आम्ही काही समजलो नाही. मग पडद्यातून करपलेल्या कांद्याचा वास आला. आमच्या दोन धडधाकट नाकांच्या आधी त्याचा कान तिथे पोचला होता. कंडक्टरनं हातातला ग्लास खाली ठेवला.

"हे तू कवा शिकलास?"

"शिकायचं काय? चुलीपाशी उभं राहिलं की आवाज येतोच. तुला तुझ्या गाडीचा टायर बसलेला कळत न्हाई का?"

सातव्या ठिकाणी डाळ शिजत होती. ती किती दाटली हे तो सांगत गेला. पातळ असते तेव्हा बुडबुडे भराभर फुटतात; दाटली की बुडबुडा जड होतो, वर यायला वेळ घेतो, आणि फुटताना एखाद्या म्हाताऱ्यासारखा "हुप्" करतो. मी खात्री करायला आत डोकावून आलो. प्रत्येक वेळी तो बरोबर होता. आठव्या बारला आवाज फार होता, तर त्यानं मधल्या पत्र्यावर तळवा ठेवला आणि सांगितलं की आत कढई नाही, तवा आहे, आणि पोळ्या लाटणारा नवशिका आहे.

बावीस वर्षं मी याच्या चुलींपासून वीस पावलांवर काम केलं. किती पातेली, किती झारे, किती पत्रावळी, सगळं माझ्याकडे लिहिलेलं. त्या चुली बोलतात हे मला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी घरी जाताना रस्त्याकडेच्या वडेवाल्यापाशी मी मुद्दाम थांबलो आणि डोळे मिटून ऐकलं. मला नुसता आवाज ऐकू आला. तरीही बराच वेळ उभा राहिलो.

अडचण एकच उरली, आणि मुख्य तीच होती. मीठ ऐकू येत नाही.

नवव्या दिवशी मी तोडगा काढला. छोट्या पातेल्यात सगळे पदार्थ थोडे थोडे आधी करायचे, नैवेद्य दाखवायचा, मग मोठ्या पातेल्यांतलं खुशाल चाखायचं. मला तो बिनतोड वाटला होता. आचारी माझ्याकडे बघत म्हणाला, "म्हंजे देवाला नमुना दाखवायचा? दुकानदारावानी?" मी वही मिटली.

दहावा बार चौकापलीकडचा. त्याचं स्वयंपाकघर सांभाळणारा गडी पूर्वी आचाऱ्याच्या हाताखाली होता, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यानं पडद्यातून पाहिलं आणि हात पुसत बाहेर आला.

"वस्ताद! तुमी? इथं?" त्यानं वाकून पाय धरले. मग ताटली, मिटलेले डोळे आणि माझी वही पाहिली. तो आचाऱ्याच्याच तालमीतला. फार सांगावं लागलं नाही. "कावून न्हाई बोललात मला? आत चला. आज आमटी तुमी करा."

आचारी आत गेला. आम्ही दाराशी उभे राहिलो. त्यानं येसर हातात घेऊन चोळला, फोडणी कानानं पारखली, पाणी ओतलं. मिठाशी येऊन थांबला. आमटीला उकळी होती. त्यानं मूठ टाकली, कान दिला, अर्धी मूठ टाकली, पुन्हा कान दिला. "मीठ पडलं की उकळी बसते, मग उठते," तो म्हणाला. "कशी उठती ते ऐकतोय." त्याचा चेहरा घामानं भिजला होता. मग त्यानं हात झटकला.

वाट्या बाहेर गेल्या. आम्ही तिघंही चोरासारखे गिऱ्हाइकांची तोंडं बघत होतो. पहिल्या टेबलावर एकानं वाटी तोंडाला लावली ती खाली ठेवलीच नाही. दुसऱ्यावर कुणीतरी "लई भारी" म्हणालं. तिसऱ्या टेबलावरचा टोपीवाला ओरडला, "मीठ आण रे थोडं!"

गडी उसळला. "वस्ताद, त्याचं तोंड सकाळपास्नं तंबाखूनं भाजलेलं हाय. त्याला समुद्र पाजला तरी मीठ मागंल."

"असू दे," आचारी म्हणाला. "मागितलं ना." आणि आम्हाला म्हणाला, "उद्या सुपारी परत करतो."

मी एवढंच म्हणालो, "परत करायची तर कारण सांगून कर. मी बरोबर येतो."

घाटनांदूरला मुलीची आई अंगणात बोचकी सोडत होती. उन्हानं रापलेली, हातांवर पाचटाचे चिरे. आचाऱ्यानं सगळं सांगितलं: ताप, नाक, नैवेद्य, टोपीवाला. काहीच लपवलं नाही. मुलीचा बाप खाली बघत होता. आई मात्र मधेच म्हणाली, "म्हंजे चाखायचं तेवढं अडलंय?"

"व्हय बाई."

"मग मी चाखीन की."

"नैवेद्याआधी?"

"भाऊ, सहा महिने फडात राहतो आमी. अंधारात चूल पेटवायची, चाखत चाखत कालवण करायचं अन् तेच गोणपाटाच्या खोपीतल्या देवाला दाखवायचं. त्यानं एकदाबी नाक मुरडलं न्हाई. माझ्या तोंडचं त्याला सवयीचं हाय. तुमचं तोंड तुमी जपा."

आचारी उठला आणि त्यानं तिला नमस्कार केला. मोठा माणूस लहानाला करतो तसा नव्हे, वस्तादाला करतात तसा.

लग्नाच्या दिवशी पहाटे माझं काम संपवून मी चुलींपाशी गेलो. कंडक्टर रजा टाकून आला होता आणि सरपण लावत होता. आमटीच्या मोठ्या पातेल्यापाशी मुलीची आई नव्या लुगड्यात उभी, तळहात पुढे केलेला. आचारी पळीतले चार थेंब तिच्या हातावर सोडी, ती जिभेला लावी.

"अजून," ती म्हणाली.

त्यानं मूठ टाकली आणि डोळे मिटले. उकळी बसली, उठली. त्यानं थेंब दिले.

"अजून. अर्धीच."

दुसऱ्या पातेल्याला ती "अजून" म्हणायच्या आधी त्याचा हात मिठात होता. तिसऱ्याला तिनं तळहात पुढे केला, त्यानं थेंब दिले, आणि तिनं चाखण्याआधीच तो मिठाच्या टोपल्यावर फडकं टाकू लागला. तिनं जीभ लावली. थोडा वेळ तोंडात घोळवलं. त्याच्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे पाहिलं.

"बास," ती म्हणाली.

फडकं टाकून झालं होतं. त्यानं पळी पुसली आणि नैवेद्याचं ताट मागितलं.