बैल मागून उठतो

माझ्या घरी पाहुण्यांना चहा मिळतो, पोहे मिळतात, मनात आलं तर मुक्कामही करा. पण कपाटातली ती मोठी फाइल उघडली की नियम एकच: बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. आमच्या एका चुलत सासऱ्यांनी लावली होती. मी पान त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि ते चहा अर्धा टाकून, चपला घालून चालते झाले. अजूनही लग्नाकार्यात दिसले की मला पाहून न पाहिल्यासारखं करतात. करू देत.

फाइलमध्ये चित्रकथांची मूळ पानं आहेत. मूळ म्हणजे छापलेली नव्हे, चित्रकारानं स्वतःच्या हातानं जाड कागदावर शाईनं काढलेली. ती छापील पानापेक्षा चांगली दुप्पट मोठी असतात. शाईखाली निळ्या पेन्सिलीच्या रेघा दिसतात, कारण निळं छपाईत उमटत नाही, म्हणून कुणी ते खोडायच्या भानगडीत पडत नसे. बोलण्याच्या फुग्यांमध्ये छापील मजकुराच्या पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या. माझ्या पानांवरच्या बहुतेक पट्ट्या गळून गेल्यात, त्यामुळे माणसं तोंड उघडून गप्प उभी दिसतात. त्यानं माझं काही अडत नाही, मला सगळे संवाद पाठ आहेत.

ही चित्रकथा माझ्या लहानपणी अकोल्याहून निघणाऱ्या मुलांच्या मासिकात यायची. गावोगाव बांगड्या भरणारी एक म्हातारी कासारीण जिथं जाईल तिथली चोरी शोधून काढते, अशी. मासिक केव्हाच बंद पडलं. मग मी अमरावतीची झाले, नवऱ्याबरोबर औषधाच्या दुकानात उभी राहू लागले, आणि कासारणीला विसरूनही गेले. एकदा अकोल्याला लग्नाला गेले असताना जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात छापखान्याच्या रद्दीचा गठ्ठा सुटलेला दिसला. त्यात तीच कासारीण, पण मोठी, काळीभोर, ओली वाटावी अशी शाई. मी लग्न सोडून तिथंच जमिनीवर बसले. गठ्ठा घेऊन घरी आले तेव्हा नवरा म्हणाला, "माय वं! लोकं रद्दी विकते, अन् माही बायको रद्दी विकत आनते!"

त्याला काय सांगू? चित्र पाहायला वेळ लागतो, आणि त्याला जेवायलासुद्धा वेळ नसतो. या चित्रकारानं आमची काळी जमीन खरोखरच काळी भरली होती, सरळ काळी शाई ओतून, आणि भेगा तेवढ्या कोऱ्या सोडल्या होत्या. मे महिना दाखवायला त्याला सूर्य काढावा लागत नसे. माणसांच्या पायाखाली सावली एवढीशी टेकवायची, आणि ज्या बाजूनं ऊन येतं त्या बाजूची रेघच काढायची नाही. माणूस त्या बाजूनं उन्हात विरघळलेला. पाहूनच घशाला कोरड पडते. लुगड्याची चुणी एका झटक्यात, ब्रश दाबला की जाड, उचलला की केसासारखी बारीक. पुन्हा हात फिरवणं नाही.

आणि त्याचे बैल! एकही बैल अख्खा नाही. एक बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या आड, एक तुरीच्या काड्यांच्या कुडामागे, एकाचे पाय ज्वारीत बुडालेले. मी यावर मोठा सिद्धांत बांधला होता. झाकलेलं जास्त दिसतं, हीच या माणसाची शैली, असं मी आमच्या वाचनालयातल्या बायकांसमोर अर्धा तास बोलले होते. टाळ्याही मिळाल्या. पुऱ्या गठ्ठ्यात एकच बैल संपूर्ण होता, आणि ते माझं सगळ्यात लाडकं पान. चोरानं तांब्याचा हंडा गोठ्यात पुरलेला असतो, नेमका त्याच जागेवर बैल बसलेला. कासारीण बांगड्या खुळखुळवते, बैल मान वर करून, छाती काढून उठतो, आणि समोर चोराचं तोंड पांढरं पडतं. काय चौकट होती! मी तिला महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून पाहायची.

चित्रकार अजून अकोल्यातच आहेत, हे मला गेल्या वर्षी कळलं. आमच्या दुकानात औषधं पुरवणारा माणूस त्यांच्या गल्लीतला निघाला. मी बडनेऱ्याहून गाडी धरली आणि फाइल मांडीवर धरून अकोला गाठलं. दार त्यांच्या सुनेनं उघडलं. चित्रकार दिवाणावर बसले होते, किडकिडीत, कानावर केस. मी पानं समोर मांडली. त्यांनी एकेक पान हातात घेऊन पाहिलं.

"हे माह्यावालंच होय," शेवटी म्हणाले. "कुठी भेटलं तुमाले? मले वाटलं, कधीचं चुलीत गेलं असन."

मग मी बोलत सुटले. रेघा, सावल्या, भेगा. बैलांचा सिद्धांतही ऐकवला. ते मान डोलवत होते, बैल ऐकल्यावर थांबले. त्यांनी ते लाडकं पान ओढून घेतलं.

"बाई, बैल कसा उठते, मालूम हाय तुमाले?"

मी औषधं विकते, बैल कुठून उठवू?

"आंधी मांगचे पाय उभे करते. पुढचे गुडघे जमिनीवरच. मंग पुढचे पाय. पुढून उठते थो घोडा. आता माहा बैल पाहा."

मी पाहिलं. पुढचे दोन्ही पाय ताठ, छाती वर, आणि मागचं धड अजून जमिनीला टेकलेलं. अरे देवा! इतक्या वर्षांत मला एकदाही दिसलं नव्हतं.

"मले डोकं वर पायजे होतं, त्या चोराच्या तोंडापाशी," ते म्हणाले. "चित्र असं मस्त जमून राहिलं होतं, पायाकडं कोन पाहाते? कास्तकाराचा पोरगा मी, पातूरकडचा. घरात चार बैलं. अन् बैल उठवला घोड्यावानी."

पुढचं त्यांनी हळूच सांगितलं. शिक्षणासाठी त्यांना शहरात पाठवलं ते थोरल्या भावानं, स्वतः शेतात राबून. तो अंक निघाला तेव्हा दादा तो घेऊन पारावर गेला, माहा भाऊ चित्रकार हाय म्हणून साऱ्यांना दाखवायला. लोकांनी बैल पाहिला आणि असे हसले, असे हसले! कुणी म्हणालं, घोड्याले शिंगं फुटले. दादानं अंकाची घडी केली, बंडीत टाकला आणि घरी येऊन एक शब्द बोलला नाही.

"पन त्याच्यानंतर माहं एक चित्र पाह्यलं नाई त्यानं. एक बी नाई."

"म्हणून तुम्ही बैल झाकायला लागलात?"

"मंग का करू? पाय दाखवाची हिंमतच नाई झाली."

हसावं की रडावं, कळेना. माझी अर्ध्या तासाची शैली, टाळ्यांसकट, ही अशी होती.

मग त्यांनी ते पान मागितलं. दादा डोळ्याच्या ऑपरेशनला अकोल्यात येणार होता, त्यांच्याच घरी उतरणार होता. "थे पान ठेवून जा बाई. दादाच्या आंधी सुधरवतो. मंग घेऊन जाजा."

चहा पिताना त्यांच्या हातातली बशी वाजत होती, एवढा हात थरथरत होता. तो हात माझ्या बैलावर ब्रश घेऊन चालणार! पण चित्र तर त्यांचंच. त्यांनी ते असं धरलं होतं की मागून घ्यायची माझी छाती झाली नाही. पान ठेवून आले.

गाडीत बसल्यापासून स्वतःला शिव्या घालत होते. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "ज्यानं काढलं त्यालेच तं देऊन आली, मंग मातम कायचा करून राहिली?"

"ते त्यावर रंगवणार आहेत!"

"रंगवू दे. तुया बैल होय का थो?"

माझाच होता. मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. गिऱ्हाइकाला खोकल्याऐवजी पोटाचं औषध काढून दिलं, त्यानंच ओळखून परत केलं म्हणून बरं.

एका सकाळी सुनेचा फोन आला. "ताई, बाबांनी पांढरा पोस्टर कलर आणाले लावला. खोलीत कोनाले येऊ देत नाहीत. तुमाले सांगावं वाटलं." पांढरा रंग! पांढऱ्या रंगानं जुना बैल बुजवायचा आणि वर नवा काढायचा, दुसरं काय? दुकान नवऱ्यावर टाकलं, ऑटोवाल्याला बडनेऱ्यापर्यंत घाई घाई करून भंडावून सोडलं आणि मिळेल त्या गाडीत चढले. मूर्तिजापूरला गाडी थांबली ती हलेचना. डब्यातले लोक निवांत भेळ खात होते. मला त्या सगळ्यांचा राग आला.

घरात शिरले तर एका खुर्चीवर काळा चष्मा लावलेले एक धिप्पाड म्हातारे बसलेले, धोतर, पांढऱ्या मिशा. दादा. ऑपरेशन होऊन गेलं होतं. मी त्यांना धड नमस्कारही केला नाही, तडक आतल्या खोलीत गेले. टेबलावर पान होतं. बैल बदललेला होता. मागचं धड वर, पुढचे गुडघे जमिनीवर, मान खाली.

"अहो, काय केलंत हे!" मी ओरडलेच. डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की दुःखाचं, देव जाणे. "माझं सगळ्यात आवडतं पान होतं ते!"

चित्रकार शांतपणे ब्रश पुसत होते. "खालची कड धरा," म्हणाले. "उचला."

मी नखानं चाचपलं. बैल उचलला गेला! तो वेगळ्या कागदाचा तुकडा होता, ब्लेडनं बेमालूम कापलेला, फक्त वरच्या कडेला खळ लावून चिकटवलेला. खाली माझा जुना बैल जसाच्या तसा, छाती काढून, चुकीच्या पायांवर.

"मुळाले हात नाई लावाचा, बाई," ते म्हणाले. "संपादकाचा काई भरोसा नोहता. आज म्हने बदलव, उद्या म्हने पयलंच बरं होतं. म्हून चुकलं त्याच्यावर कागद चिपकवाचा, वरूनच. रंग तं तुकड्याच्या कडेले, जोड दिसू नाई म्हून."

माझा जीव भांड्यात पडला. मी खालीच बसले, फरशीवर. हसू यायला लागलं ते थांबेना. सुनेनं पाणी आणून दिलं, ते पितानाही हसत होते. मग नवा बैल नीट पाहिला. शिंगाची रेघ थरथरली होती, खुरांशी शाई जरा पसरली होती. पण पाठीची रेघ! वशिंडापासून शेपटीपर्यंत एकच झटका, जाड, मग बारीक. तोच हात होता. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्या पाया पडले.

"आता दादाले दाखवा तुमी," ते म्हणाले. "माहा धीर नाई होत."

मी पान बाहेर नेलं. दादांनी काळा चष्मा कपाळावर चढवला. सून म्हणाली, डॉक्टरनं काढू नका सांगितलंय. त्यांनी ऐकलं नाही. पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. चित्रकार दारातच उभे होते, आत येईनात.

"हां," दादा म्हणाले. "आता उठला."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाकीचे कुठी हायेत?"

बाकीची अमरावतीला होती. पुढच्या रविवारी मी अख्खी फाइल घेऊन परत गेले. दादांच्या मांडीवर ठेवली, चित्रकार शेजारी बसले. दादा एकेक पान पाहू लागले. कासारीण पाहून मान हलवली, काळ्या जमिनीवर बोट फिरवलं. बंडीआडचा बैल आला, कुडामागचा आला, ज्वारीतला आला.

"हा बैल कायले लपवते रे तू सारखा?"

"तुह्यामुळंच," चित्रकार म्हणाले. "घोडा काढला म्हून तू पाहनं सोडलं."

दादांनी हातातलं पान खाली ठेवलं. "बाबू, मले बैलाचं काई नोहतं रे," ते म्हणाले. "लोक तुले हासले. थे मले सहन नाई झालं. म्हून पुन्हा अंकच नाई उघडला."

चित्रकारांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मी उगाच पदर सारखा केला. दादांनी नाक शिंकरलं, चष्मा नीट बसवला आणि पुढच्या पानाला हात घातला. पान चिकटून बसलं होतं. त्यांनी अंगठा तोंडाजवळ नेला.

"आरामात पाहा, दादा," मी म्हणाले.

त्यांनी अंगठ्याला चांगली थुंकी लावली आणि पान उलटलं.