अडेल म्हणून उपाशी

गाभण जनावराला मुद्दाम अर्धपोटी ठेवणारं माणूस दिसलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. मग ते माणूस वयानं कितीही मोठं असो. आमच्या घरात ते माणूस म्हणजे माझी सासू.

माझं माहेर शिवऱ्याचं, हायवेला लागून. सासर पासलीच्या वरच्या अंगाला, डोंगरातली सात-आठ घरांची वाडी. भात आणि मेंढरं, एवढंच. पावसाळ्यात वर मेंढरू टिकत नाही, खुरं कुजतात, म्हणून तेवढे महिने मेंढरं खाली शिवरे-नसरापूरच्या माळाला न्यायची आणि भातं निघाली की परत वर आणायची. सासरे गेल्यापासून मेंढरांच्या वाडग्याचा आणि चुलीचा, दोन्हीकडचा कारभार सासूच्या हातात. बाई कामाला वाघ. पण हट्टी इतकी की देवानं समजावलं तरी ऐकायची नाही.

भातं निघाल्यावर मेंढरं खाचरांत सोडतात. तिथं असतं काय? धसकटं, सांडलेला पेंढा, बांधावरचं वाळकं गवत. मेंढी दिवसभर तोंड हलवते, संध्याकाळी पोट टम्म दिसतं, बघणाऱ्याला वाटतं काय चरलीय. त्या पेंढ्यात जोर काही नसतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत निम्म्या मेंढ्या शेवटच्या दीड महिन्यात आलेल्या असतात. कोकरू पोटात सगळ्यात जास्त वाढतं ते त्याच दीड महिन्यात. हे मला नसरापूरला लस टोचायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरानं सांगितलं होतं. "ताई, या दिवसांत शेंगदाण्याची पेंड घाला, घेवड्याचा पाला घाला, हरभऱ्याचं भुसकट घाला. नाहीतर मेंढी स्वतःच्या अंगातलं मांस जाळून पोराला पोसते. पोरही बारीक होतं आणि कासेत चीकही येत नाही."

सासूचा नियम बरोबर उलटा. मेंढी पाच महिन्यांनी विते, पण चौथा सरला की तिची पेंड बंद. "कोकरू पोटात माजलं की अडतं," ती म्हणायची. "पेंड व्याल्यावर. आधी न्हाई." वाडीतल्या सगळ्याच घरांत हे चालायचं, त्यामुळं तिला वेडी म्हणायचीही सोय नव्हती.

आणि हाच नियम चुलीपाशी. माझ्या पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यापासून माझ्या ताटात अर्धी भाकर आणि आमटीचं वरचं पाणी. अंडं बंद, शेंगदाणे बंद, घेवडा बंद. मुलगी झाली ती माझ्या ओंजळीत मावली. अकराव्या दिवशी गेली. सासू रडली, अगदी मनापासून रडली, आणि मला म्हणाली, "पर तू तर सुटलीस." मी तेव्हा खाली मान घालून बसले. त्या मान घालून बसण्याचा मला आजही स्वतःचाच संताप येतो.

परवाच्या साली माझी धाकटी जाऊ गरोदर राहिली. लग्नाला वर्ष झालेलं, नवरा खाली हायवेवर कामाला, अंगानं काटकुळी, स्वभावानं गाय. मार्गशीर्ष लागला, तिला सहावा सरत आला, आणि एके दिवशी मी पाहिलं की सासूनं तिच्या ताटातली भाकर मोडून अर्धी परत टोपल्यात टाकली. पोरगी उरलेली अर्धी खात राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नवऱ्याला म्हटलं, काहीतरी बोला. तो म्हणाला, बायकांच्यात मी काय बोलू. वा रे पुरुष.

चुलीवर माझं काही चालत नव्हतं, म्हणून मी वाडग्यात चालवायचं ठरवलं. माझी एक मेंढी होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, माझ्या बापानं मला दिलेली. ती व्यायला महिना-सव्वा महिना होता. मी नसरापुरातून पेंड आणली, टेम्पोत भाताच्या कोंड्याखाली लपवून. रोज सकाळी मेंढरं सोडताना तिला वाडग्याच्या दगडी गडग्याआड न्यायचे आणि दोन मुठी भिजवलेली पेंड चारायचे. पंधरा दिवसांत तिच्या पाठीचा कणा हाताला लागेनासा झाला.

पण जनावराला लपवाछपवी कळत नाही. एके सकाळी ती सगळ्या कळपातून वाट काढत आली आणि सासूच्या देखत तिनं माझ्या पदराच्या ओट्यात तोंड खुपसलं. सासूनं माझा पदर ओढला, पेंड खाली सांडली. पुढच्या क्षणी तिची काठी माझ्या खांद्यावर बसली. दुसरी मनगटावर. तिसरी मी हवेतच धरली आणि हिसकावून लांब भिरकावली.

"मारणार मला?" ती म्हणाली.

"उपाशी मारण्यापरीस काठीनं मारा," मी म्हटलं. "निदान आवाज तरी होतो."

जाऊ दारात उभी राहून रडत होती. सासूनं तिच्याकडं बोट केलं आणि मला म्हणाली, "ह्या मेंढीचं कोकरू अडलं तर हिच्या ताटात तू हात घालायचा न्हाई. परत तोंड उघडायचं न्हाई."

"आन न्हाई अडलं तर?"

"तर तू वाढ. म्या चुलीकडं बघणार न्हाई."

असं त्या पोरीचं ताट एका मेंढीच्या वेतावर टांगलं गेलं. मला तेव्हा वाटलं, मी जिंकलेच.

माझी मेंढी व्यायच्या आठवड्यात आधी चार दुसऱ्या मेंढ्या व्याल्या, पेंड न खाल्लेल्या. सासू मला हाक मारून दाखवायची, "बघ, कसं सुटसुटीत." खरंच सुटसुटीत, कारण बाहेर पडत होतं ते कोकरू कुठं होतं? ओलं कातडं आणि चार काड्या. अंगावर लोकर धड नाही, उभं राहायचं बळ नाही. कास चिंधीसारखी लोंबती, पिळली तरी थेंब नाही. एका मेंढीनं स्वतःचं पोर हुंगलंसुद्धा नाही. ते लुचायला आलं तशी डोकं खाली घालून अशी धडक दिली की ते गडग्यावर आपटलं आणि तिथंच पाय झाडून निपचित पडलं. दुसरं खाचरात पडल्या पडल्या कावळ्यांनी गाठलं. मी धावत पोचेपर्यंत त्याचा एक डोळा गेला होता आणि ते जिवंत होतं. मी दगड उचलला आणि त्याची सुटका केली. त्याशिवाय दुसरं काय करणार होते? हात धुतले आणि सासूपुढं उभी राहिले. "सुटसुटीत," मी म्हटलं. उरलेल्या दोन कोकरांपैकी एक रात्रीच्या थंडीत आखडून गेलं. एक कसंबसं धुगधुगत होतं.

माझी मेंढी व्यायला लागली तेव्हा मी झऱ्यावर होते. हंडा भरत असताना ओरडणं ऐकू आलं. मेंढी सहसा वितानाही ओरडत नाही. हंडा तिथंच टाकून मी पळत सुटले.

वाडग्यात माझ्या नवऱ्यानं मेंढीची मान गुडघ्याखाली दाबून धरली होती. मागं सासू. कोकराचं डोकं आणि एक पाय बाहेर आलेला, जीभ निळी पडलेली. सासूनं त्या पायाला आणि मानेला सुंभाचा फास घातला होता, स्वतःची टाच मेंढीच्या मांडीला लावली होती आणि सगळं अंग मागं टाकून ओढत होती. विहिरीतून बादली शेंदावी तसं. मेंढीचं अंग फाटत होतं, मला दिसत होतं.

"सोडा," मी म्हटलं. "आत हात घाला आधी, दुसरा पाय बघा."

"म्हनलं व्हतं ना म्या, माजवलीस," ती म्हणाली आणि आणखी जोरानं ओढलं.

मी तिला ढकलली. दोन्ही हातांनी, छातीवर, होतं नव्हतं तेवढं बळ लावून. ती बाजूला कोलमडली आणि गडग्याच्या दगडावर कपाळ आपटून खाली बसली. भुवईवरून रक्ताची धार लागली. नवरा उठला आणि माझ्या कानशिलात त्यानं अशी दिली की माझ्या कानठळ्या बसल्या. मी तशीच खाली बसले, हाताला गोडं तेल चोपडलं आणि मेंढीच्या अंगात हात घातला. दुसरा पाय सापडला. तो मागं दुमडला होता, खांद्यातून पोटाकडं. एवढंच झालं होतं. डोकं आत सारायचं, पाय मुठीत धरून पुढं आणायचा, मग कोकरू आपोआप येतं. मी तसं केलं. ते घसरून माझ्या मांडीवर आलं. भरदार, दाट लोकरीचं, गरम. मान मात्र चिंधी झाली होती. फासानं ती कधीच मोडली होती.

कोकरामागोमाग मेंढीचं अंग बाहेर आलं, अख्खी गर्भपिशवी, लालभडक, मातीत. जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला तर नेमकी तेव्हा रेंज नाही. आणि तो वेल्ह्याहून येईपर्यंत काय राहणार होतं? मी तिची कास बघितली. दोन्ही सड ताठ, फुटतील असे भरलेले. मी ती मरायच्या आत तिचा चीक पिळला, वाटीभर, पिवळा, मधासारखा घट्ट, आणि त्या धुगधुगत्या एका कोकराच्या घशात बोटानं सोडला. मग नवऱ्यानं तिच्या मानेवर सुरी फिरवली. ते कोकरू दुपारपर्यंत चार पायांवर उभं राहिलं.

सासू अजून गडग्याशी बसली होती. रक्त पुसत नव्हती. माझ्याकडं न बघताच बोलायला लागली. "माझी थोरली बहीन. पोराचं डोकं आलं, खांदं न्हाई. झोळीत घालून खाली नेत व्हते तिला, म्या संगं व्हते. लई वरडली. अर्ध्या वाटंत वरडायची थांबली." मग म्हणाली, "खाऊन खाऊन गेली ती. सगळी हेच म्हनायची." मला तिची कणव आली. खोटं कशाला बोलू, त्याच वेळी तिला आणखी एकदा आपटावीशीही वाटली.

दुपारी मी चूल पेटवली. पैज मी हरले होते, अडलं होतं ना कोकरू. गेली उडत पैज. मी घेवड्याची उसळ केली, दोन अंडी उकडली, अख्खी भाकर ठेवली आणि ताट जावेपुढं सरकवलं. सासू कपाळाला हळद लावून भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिनं मान वळवली नाही. ताट परत सरकवलं ते जावेनं.

"नको, आक्का."

"खा."

"म्या बघितलंय सकाळी. त्या मेंढीवानी मला फाडून घ्यायचं न्हाई. बाळ बारीक असू दे, पर म्या सुटू दे."

मी तिला सांगितलं. दुमडलेला पाय सांगितला, फास सांगितला, भरलेली कास सांगितली, त्या चार मेंढ्यांची रिकामी कास सांगितली. माझी अकरा दिवसांची पोर सांगितली, जिच्याबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नव्हते. ती फक्त मान हलवत राहिली आणि ओठ घट्ट मिटून बसली. तेव्हा मी सातव्या महिन्यातल्या बाईच्या तोंडात मारली. चार बोटं उठली. तिचे केस मुठीत धरले, अंडं सोललं आणि तिच्या दातांवर दाबलं.

तिनं खाल्लं. रडत, ठसके देत, माझ्याकडं बघत खाल्लं. दुसऱ्या दिवशीही मी समोर बसले, तिसऱ्याही. पुढं मारावं लागलं नाही. मी नुसती समोर बसले की ती मुकाट्यानं ताट संपवायची. महिनाभर हे चाललं. आठव्यात तिचा भाऊ आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. निघताना ती सासूच्या पाया पडली, मला टाळून गेली.

फाल्गुनात तिच्या माहेरून फोन आला. मुलगी झाली होती, वेळेवर, न अडता. सासूनं पदरानं डोळे पुसले आणि मोबाईल माझ्या हातात दिला. पलीकडं बाळ रडत होतं, खणखणीत, थांबायलाच तयार नव्हतं. मग जाऊ बोलली.

"आक्का, पोरगी धडधाकट हाय. तुमी बघायला येऊ नका."