बिल्ला नसलेला कान

दाराला रंग द्यायला माणूस आलाय, त्याच्या टर्पेन्टाईनचा वास घरभर पसरलाय, आणि मला घोटीकडची ती मेलेली गाय आठवली. मी एका मोठ्या विमा कंपनीच्या नाशिकच्या हापिसात ड्रायव्हर होतो. शाळा चौथीपर्यंत, पण जनावरातलं मला कळतं, म्हणून साहेब अशा चौकशीला मलाच पुढं करायचे. विम्याच्या गाईच्या कानात कंपनीचा पिवळा बिल्ला लागतो, तो नसला तर पैसे मिळत नाहीत. लय लोक विम्याची गाय लपवून दुसरीच मेलेली दाखवायचे. इथं बिल्ला गाईच्या मालकिणीच्या, एका म्हातारीच्या मुठीत होता. गाडीतून उतरतानाच मी मोठ्यानं म्हणालो, "साहेब, ही गाय दुसरीच हाय." म्हातारी म्हणाली, "दादा, कानात किडे पडले म्हणून मीच काढला रे. पैसे आले तर दुसरी घेईन, नायतर गोठा रिकामाच." साहेब म्हणाले, "नीट बघ." मी वाकलो. कान सडून फाटलेला, आणि त्याला टर्पेन्टाईनचा वास. किडे मारायला आमच्या घरीही तेच घालायचे. मेल्यावर कुणी औषध घालत नाही. म्हातारी खरं बोलत होती. पण चार माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द गेला होता. मी उठलो नि म्हणालो, "दुसरीच हाय." साहेबांनी तसंच लिहिलं. मघाशी रंगवाल्यानं विचारलं, "बाबा, उन्हात का बसलात?" मी सांगितलं, वासानं डोकं दुखतं.