आईची बडबड वगळून

रेकॉर्डर मी घेतला तो फोनवर चिडून.

आमच्या परसात शेवग्यावर एक दयाळ यायचा. मुठीएवढा काळापांढरा पक्षी, पण सकाळी अशी तान घ्यायचा की डब्याची पोळी लाटता लाटता माझा हात थांबायचा. मी पुणतांब्यात राहते, शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना ऐकवावा म्हणून एकदा फोनवर त्याचा आवाज घेतला. ऐकून बघितला तर दयाळ विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा, आणि मागे भांडी घासत शेजारच्या काकूंशी बोलणारी माझी आई मात्र खणखणीत. चौकशी केल्यावर कळलं की फोनची रचनाच तशी असते. माणसाचं बोलणं तेवढं तो उचलून धरतो आणि बाकीचं कचरा म्हणून झाडून टाकतो. मला नेमकं उलटं हवं होतं. ते रेकॉर्डिंग मी तिथल्या तिथे पुसून टाकलं.

मग नगरला गेले. लाऊडस्पीकर, माईक विकणारं एक जुनं दुकान आहे. दुकानदारानं आधी एक बोटाएवढं यंत्र दाखवलं. कुणी बोललं की ते आपोआप सुरू होतं, गप्प झालं की थांबतं. मी म्हटलं, मला बोलणं नकोच आहे. त्यानं चष्मा वर केला. "मग कुणाचा आवाज भरायचाय, मॅडम?" "पाखरांचा," मी म्हणाले. त्यानं कपाटातून दुसरं काढलं. डोक्यावर दोन माईक, एकमेकांवर तिरके. "हे घ्या. कीर्तनकार नेतात. ह्याला आपलं-परकं कळत नाही, जे येईल ते घेतं." आवाजाची पातळी आपोआप ठेवायची नाही, हातानं कमी-जास्त करायची, वाऱ्याची घरघर कापणारं बटण चालू ठेवायचं, आणि दर वेळी सुरुवातीला आपल्या तोंडानं जागा आणि वेळ बोलून ठेवायची, म्हणजे मागाहून गोंधळ होत नाही, हे सगळं त्यानंच शिकवलं. मी ते वहीत लिहून घेतलं. मास्तरीण ती मास्तरीणच.

माईकला वारा लागू नये म्हणून त्यासोबत स्पंजची टोपी होती, पण आमच्याकडे गोदावरीवरून येणाऱ्या वाऱ्याला ती पुरेना. आईनं माझ्या जुन्या स्वेटरची लोकर उसवून त्याला दुसरी विणून दिली. "घ्या, टोपडं झालं लेकराचं," म्हणाली. पंचेचाळिशीतल्या बिनलग्नाच्या लेकीला असले टोमणे मारायची तिला मुभा होती. मीही हसले.

अडचण एकच होती. आईचं तोंड.

ती सतत बोलायची. भांड्यांशी, मांजराशी, नळाशी, वडील गेल्यापासून त्यांच्या फोटोशी. दुपारी जेवायच्या आधी पहिला घास भिंतीवर ठेवून कावळ्यांना हाळी द्यायची, "काव काव काऽव, या रं बाबांनो, गरम हाय तवर!" आणि ते यायचे. हातभर अंतरावर उतरायचे. उशीर झाला तर ती त्यांना रागावायची. सुट्टीच्या दिवशी मी पायरीवर कानाला हेडफोन लावून बसलेली, पातळीचे आकडे बघत, श्वास रोखून. कावळ्याचे ते घशातले बारीक, खासगी आवाज मला हवे असायचे. आणि मधेच ही, "आगं, त्यो लंगडा आज न्हाई आला."

"आई! चालू आहे ना!"

"का गं, माज्या बोलन्यानं पाखराचं काय बिघाडतं?"

"जित्याची खोड," मी म्हणायचे. पुढचं ती स्वतःच पुरं करायची, "मेल्याबिगर जात न्हाई," आणि पदर तोंडावर धरून हसायची.

संध्याकाळी मी कॉम्प्युटरवर बसून दिवसाचं रेकॉर्डिंग साफ करायचे. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. आईचं बोलणं त्यात लांबूनच ओळखू यायचं, जाड आणि ओबडधोबड. तिथे खूण करायची, कापायचं, उरलेलं जोडायचं. मूळ फाईल ठेवली तर जागा भरते, म्हणून ती पुसायची. तीन वर्षं मी हे काम इतक्या नेटकेपणानं केलं की माझं मलाच कौतुक वाटायचं. कावळ्याचे एकोणीस वेगवेगळे आवाज माझ्याकडे आहेत. मागे भांडं वाजलेलंही ऐकू येत नाही.

एकदा तिनं विचारलं होतं. मी तिला हेडफोन लावून कावळे ऐकवले, तर डोळे मिटून ऐकत राहिली. "आपलाच हाय ह्यो, लंगडा," म्हणाली. मग हेडफोन काढून हातात घोळवत, "माजं बी भर की एकदा ह्याच्यात."

"तुझं काय भरायचं? तू तर दिवसभर चालूच असतेस."

तिनं हेडफोन परत दिला आणि भाजी निवडायला गेली. वाईट वाटल्यासारखं काही दिसलं नाही. निदान मी तसं पाहिलं नाही.

माघात एका रविवारी चहाचं आधण ठेवताना ती ओट्याला धरून खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. डॉक्टर आले तेव्हा आधण आटून पातेलं करपलं होतं. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

दशक्रियेला घाटावर गाव जमलं होतं. जामखेडला नोकरीला असलेला माझा धाकटा भाऊ विधीला बसला. पिंड मांडले आणि सगळे मागे सरकून कावळ्याची वाट बघू लागले. कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा पुरी झाली, असं आपल्यात धरतात. मी विज्ञान शिकवते, पण तिथे उभी राहून मीही आभाळाकडेच बघत होते. अर्धा तास गेला, पाऊण गेला. घाटावर हल्ली कावळे कमीच झालेत. भावानं हात जोडून सांगितलं, "आई, ताईची काळजी करू नको, मी हाय." मामांनी सांगितलं, घर विकणार नाही. काही उपयोग झाला नाही.

तेव्हा शेजारच्या काकू माझ्याजवळ आल्या. "आगं, तुज्या मशीनमदी कावळं हायेत न्हवं? लाव की."

मी जवळजवळ पळतच घरी गेले, कॉम्प्युटरवरचे कावळे रेकॉर्डरमध्ये उतरवून घेऊन आले. प्रवचनाचा लाऊडस्पीकर होताच, त्याला तारेनं रेकॉर्डर जोडला. माझे ते एकोणीस स्वच्छ आवाज घाटावर घुमले. आणि खरंच कावळे आले. सात-आठ असतील. पिंपळावर बसले, माना वाकड्या करून त्या कर्ण्याकडे बघत राहिले. खाली एकही उतरला नाही.

"असं कसं उतरतील," काकू म्हणाल्या. त्या खालच्या पट्टीत कधी बोलत नाहीत, सगळ्यांना ऐकू गेलं. "ते तिच्या हाळीला यायचे. तिची हाळी लाव, बघ कसे येत्यात."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. भावानंही, हात जोडलेलेच ठेवून.

"माझ्याकडे नाही," मी म्हणाले.

"न्हाई म्हंजे?" भाऊ म्हणाला. "तीन वर्सं तू तितंच बसून भरत हुतीस ना, ताई?"

"कापून टाकायचे मी. आवाज खराब होतो म्हणून."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याला काय सांगितलं गेलं ते त्याला अजून कळायचं होतं. गुरुजींनी थोडा वेळ वाट बघून दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला, आणि विधी संपला. लोक आंघोळ करून जेवायला गेले. पिंपळावरचे कावळे तोवर उडून गेले होते.

नंतर मी शोधलं. बैल गेला अन् झोपा केला, तसलं ते शोधणं. कॉम्प्युटरमधल्या चारशेच्या वर फाईली एकेक करून पूर्ण ऐकल्या. शाळा सुटली की बसायचे. दयाळ, टिटवी, भारद्वाज, तांबट. माझ्या कामात चूक नव्हती. तिच्याकडे साधा बटणांचा फोन होता, त्यात काही साठत नव्हतं. आणि आम्ही एकाच घरात राहायचो, मग आवाज पाठवायचा कुणी आणि कुणाला? भावाकडेही काही नाही. तो फोन लावायचा, ती बोलायची, तो ठेवायचा. फोनवर घेतलेलं ते पहिलं, मुलांसाठीचं, तेवढं तरी ठेवायला हवं होतं. त्या फोनला कळलं होतं काय ठेवायचं ते.

शेवटी रेकॉर्डरच्या कार्डात एक सापडलं. ती जायच्या आदल्या आठवड्यातलं, कॉम्प्युटरवर घ्यायचं राहून गेलेलं, म्हणजे न कापलेलं. हेडफोन लावला.

सुरुवातीला मी बोलते, दुकानदारानं शिकवल्याप्रमाणे: "परसातला शेवगा. सकाळ. दयाळ." मग मागून दाराची कडी. मग बांगड्या, जवळ येणाऱ्या. ती अजून काही बोललेलीही नाही, आणि माझा आवाज येतो, असा की वर्गातली पोरंही दचकतील, "आई, गप बस ना जरा!"

बांगड्या माझ्या मागच्या पायरीशी येऊन थांबतात. पुढे चार मिनिटं दयाळ गातो.

ती काय सांगायला आली होती, ते मी नंतरही विचारलं नाही. आवाज पूर्ण वाढवून मी ती चार मिनिटं कितीदा ऐकली असतील. खोकला नाही, पदराची सळसळ नाही, काही नाही. इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग माझ्याकडे दुसरं नाही.

ते मी कापलेलं नाही. त्या चार मिनिटांत आई माझ्यामागे पायरीवर बसलेली आहे, आणि मी सांगितलं म्हणून गप आहे.