भडका नानाची लाल खूण

भडका नाना आधी गाडीवर चिडायचे, मग गाडीच्या मालकावर, आणि नमस्काराला उत्तर सगळ्यांत शेवटी द्यायचे. जळगावातल्या त्यांच्या गॅरेजसमोर गाडी थांबते न थांबते तोच, नुसत्या आवाजावरून, आतून अहिराणीत ओरडा यायचा, "बंद कर ते! पट्टा रडी ऱ्हायना, तुले ऐकू येस नही का?" खरं नाव कोणी विचारलं नाही. रागाचा भडका, म्हणून भडका नाना.

एका सराफाने नव्या गाडीच्या रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतलं होतं. अख्खा बाजार ज्याला वाकून शेठ म्हणतो, त्याला नानांनी भर रस्त्यात झापलं, "सोनामा पितळ टाकस का तू? मंग आठे नळनं पानी कसाले?" शेठ मान खाली घालून उभे होते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा नानांकडेच आले. मी एकदा विचारलं, "नाना, एवढं चिडून गिऱ्हाईक टिकतं कसं?" ते म्हणाले, "जे सुधरी, त्यानावरच मी चिडस. भंगारले कोन बोलस?"

तेव्हा मी हसलो होतो.

मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. माझ्याकडे एक जुनी पेट्रोल गाडी होती, साधी, गुणी. धुळ्याच्या माझ्या साडूने टर्बोची नवी गाडी घेतली आणि एका लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊजींची गाडी चढावर रिक्षालाही साइड देते." लोक हसले, माझी बायकोही हसली. एवढंच कारण. एवढ्यासाठी एका माणसाचं नाव मातीत गेलं.

मी व्हिडिओ बघितले, वहीत आकृत्या काढल्या आणि नानांना म्हटलं, माझ्या इंजिनाला जास्त हवा ढकलून ताकद वाढवणारा टर्बो बसवू. नाना उसळले, "जे इंजिन सोताना दमवर हवा खास, त्याना तोंडमा पंखा कसाले कोंबस?" पण दोन दिवसांनी तेच जळगावातल्या मेहरूण भागात माझ्या घरी आले, बॉनेट उघडून बराच वेळ उभे राहिले, आणि इंजिनालाच म्हणाले, "पाहू, तुले झेपस का."

आठ रविवार माझ्या अंगणात काम चाललं. धुळ्याच्या भंगार बाजारातून एका डिझेल गाडीचा टर्बो आणला. धुराचे पाइप नव्याने वळवले. तेल पोचवायची नळी, ते खाली उतरायची नळी, हवा थंड करायची जाळी, इंजिनाच्या डोक्याखाली जाड गॅस्केट, जास्त पेट्रोल सोडणारे इंजेक्टर. तेलाची नळी मी जरा आडवी बसवली तर शेजारच्या गच्चीवरचे लोक डोकावतील एवढा आरडाओरडा. आयुष्यात इतका सुखाने मी कोणाचा ओरडा खाल्लेला नाही.

टर्बोचा दाब किती चढू द्यायचा, हे एका बारीक सळईवरच्या नटवर ठरतं. नानांनी तो बेताचा ठेवला आणि नटवरून सळईपर्यंत लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. नट हलला की रेघ तुटणार. बाटली त्यांनी स्वतः बांगडीवाल्याकडून आणली होती. तो म्हणाला होता, "नाना, या वयात?" त्यावर नाना, "तुन्हा तोंडले लावू का?" लाल रंग काळपट होता, जांभळाकडे झुकणारा. रेघ वाळल्यावर नाना मला म्हणाले, "मे महिनामा आठे माणूस उकळस. याले हात लावू नको. मन्हं नाव शे त्यानावर."

मे महिन्यातच धुळ्याला नात्यातला साखरपुडा होता. साडू जळगावला आला होता, दोन्ही गाड्या बरोबर निघणार होत्या. सकाळी सगळे आवरत असताना मी पाना घेतला आणि दाब वाढवायला तो नट दोन आटे पिळला. रेघ तुटली. मग बायकोच्या कपाटातली नेलपॉलिशची बाटली आणून मी वर नवी रेघ ओढली. हे मी चुकून केलं नाही. फुंकर मारून वाळवली ती रेघ.

एरंडोल सोडल्यावर मी साडूला मागे टाकलं. मुलगी मागच्या सीटवर टाळ्या वाजवत होती. इंजिनात खडखड सुरू झाली, ती मी ऐकली. नानांचा आवाज कानात होता, तरी पाय उचलला नाही. पारोळ्याच्या अलीकडे मागे निळा धूर सुटला आणि गाडी मेली. बायको आणि मुलगी डोक्यावर ओढण्या घेऊन तापलेल्या रस्त्याच्या कडेला उभ्या. साडू उतरला, वास घेतला आणि म्हणाला, "मिस्तरीने वाट लावली ना?"

मी म्हणालो, "हो ना."

संध्याकाळी त्याने जळगाव-धुळ्याच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर धुराचा फोटो टाकला: भडका नानाकडे जाऊ नका, पोराबाळांचा जीव जाईल. खाली मला विचारलं, खरं ना भाऊजी? मी अंगठा टाकला.

तिसऱ्या दिवशी गाडी ओढून अंगणात आणली आणि नाना आले. इंजिन उघडलं, तर तीन नंबरच्या पिस्टनला भोक पडलं होतं. त्यांनी ते बोटाने चाचपलं, मग सळईकडे वळले. माझी रेघ गुलाबी होती. नानांनी नखाने ती थोडी खरवडली. मी भडक्याची वाट पाहत अंग चोरून उभा होतो. त्यांनी फडक्याला हात पुसले आणि स्वच्छ, शाळेतल्या मराठीत म्हणाले, "पिस्टन नवा टाकून देतो, साहेब. तुम्ही काळजी करू नका."

दोन रविवार खाली मान घालून त्यांनी टर्बो काढला, इंजिन होतं तसं केलं. मी मुद्दाम चुकीचा पाना दिला, तर उठून स्वतः बरोबर घेतला.

त्यानंतर गॅरेज दीड वर्ष टिकलं. ज्यांनी वीस वर्षं नानांचा ओरडा खाऊन गाड्या शाबूत ठेवल्या, त्यांना एक फोटो पुरला. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मला त्या लोकांचा राग येतो, साडूचा येतो. पण त्यांना निदान खरं माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

गेल्या वर्षी मी त्याच ग्रुपवर सगळं लिहिलं. नट मी पिळला, खोटी रेघ मी ओढली, नानांची चूक नव्हती. खाली कोणीतरी सुप्रभातचं फूल टाकलं. दुसऱ्याने जोडलेले हात. बस्स.

मग धुळ्याला गेलो. नाना तिथे दुसऱ्याच्या गॅरेजात हाताखाली काम करतात. फाटकापासूनच आवाज आला. गाडी दामटत आणून लगेच बंद केली म्हणून एका जीपवाल्याला धुवत होते, "पयत आना नि लगेच बंद करस? टर्बो भाजी जाई ना, गाढवा! दोन मिनिट चालू ऱ्हाऊ दे!" मला इतकं बरं वाटलं की मी फाटकातच थांबून ऐकत राहिलो.

मी समोर गेलो आणि जीपवाल्यादेखत म्हणालो, "नाना, तो नट मी पिळला होता."

"माहीत आहे, साहेब," ते म्हणाले. "बसा. चहा सांगू का?"

चहा आला. मी प्यालो. त्यांनी मुलीची चौकशी केली, ऊन फार आहे म्हणाले.

निघताना मी गाडी सुरू केली. पट्टा केकाटला, अख्ख्या गॅरेजाला ऐकू जाईल असा. पंधरा दिवस मी तो मुद्दाम बदलला नव्हता. काच खाली करून मी थांबलो. नानांनी एकदा मान वर केली, गाडीकडे पाहिलं, आणि पुन्हा जीपमध्ये वाकून त्या जीपवाल्यावर ओरडू लागले.