गीझरचं पाणी आणि वादीतले मासे

एका जागी बसणं माझ्या स्वभावातच नाही, पण त्या वर्षी ऑक्टोबरपासून जे सुरू झालं ते काही निराळंच होतं. इकडे आखातात, अल हैलच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी सकाळपासून नुसती फिरायचे. स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून परत. डाळ भिजत घातली की नाही, तेही आठवायचं नाही. मुलाचे कॅनडाचे कागद आले होते. जानेवारीत सगळ्यांनी निघायचं, मीही त्यांच्याबरोबर, असं ठरलं होतं. मला विचारलं नव्हतं असं नाही हं. त्यानं "आई, येशील ना?" असं विचारलं होतं. आता असं विचारल्यावर कुठली आई नाही म्हणेल? मी मान डोलावली आणि त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही.

गावाचं नाव विनिपेग. ते जिभेवर बसायलाच मला आठ दिवस लागले. जानेवारीत तिथे उणे तीस. नात मला उणे म्हणजे काय ते समजवायला लागली, तेव्हा मी म्हटलं, बाय, सातवीपर्यंत शिकलेय मी, तेवढं कळतं, उगाच घाबरवू नकोस.

नात नऊ वर्षांची. शाळेत तिला प्रोजेक्ट होता आणि तिनं विषय स्वतःच निवडला: थंड देशांतल्या नद्यांमधले मासे हिवाळा कसा काढतात. तिलाही धाकधूक होतीच ना, नाहीतर मुलं असले विषय कशाला घेतील? त्याआधी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, ईदच्या सुट्टीत आम्ही एका वादीत, म्हणजे इथल्या डोंगरातल्या ओढ्यावर, गेलो होतो. डोंगरातून येणारं पाणी, पाय सोडून बसलं की बोटाएवढे मासे येऊन टाचा कुरतडतात. त्यातले तीन पोरीनं बाटलीत धरून आणले. आणायला नको होते, पण तेव्हा कुणी काही बोललं नाही. माझ्या रिकाम्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत त्यांची सोय झाली, आणि पाणी बदलायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी कोकणातली, रायगडच्या किनाऱ्यावरची. आमच्याकडे मासा बरणीत बघायचा नसतो, ताटात बघायचा असतो. तरी मला त्या तिघांचा लळा लागला. माझ्यासारखेच ते. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

रोज संध्याकाळी नात कॉम्प्युटरवर इंग्रजीत वाचायची आणि मला मराठीत सांगायची. तिचं मराठी अडखळत चालतं, पण समजायचं सगळं. ती म्हणाली, "आजी, वरती बर्फ आहे ना, तो ब्लँकेट आहे. खाली पाणी फ्रीझ होत नाही." मासे म्हणे खोल डोहात जातात, जिथे ओढ कमी. तिथे जवळजवळ हलत नाहीत. खाणं कमी, श्वास कमी, काळीजसुद्धा सावकाश चालतं. हलायचं नाही, हे ऐकूनच माझ्या पायांना मुंग्या आल्या. चार महिने बंद खिडकीशी बसून मी करणार काय? शेजारीण नाही, बाजार नाही, अंगणात जायचं तर सात कपडे घालायचे. हे मी कुणाला बोलले नाही. भाजी निवडायला घेतली, अर्धी टाकली, उठले.

आता गीझरचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की साध्या नळाखाली हात धरवत नाही. म्हणून मे महिन्यात आम्ही गीझर बंद करतो. घराच्या आत, एसीच्या गारव्यात गीझरमधलं पाणी निवतं, आणि मग लाल खुणेच्या नळाला गार पाणी येतं आणि निळ्याला थेट गच्चीवरचं कढत. नवीन आलेला माणूस हमखास चुकतो, आम्ही हसतो. थंडी पडली की गीझर पुन्हा लावायचा आणि नळ पुन्हा सरळ वागायला लागतात.

इतकी वर्षं काढली तरी मीच चुकले. नोव्हेंबर संपत आला होता, पहिली गार सकाळ. सुनेनं गीझर लावला. मला सांगितलं असेलही, माझं लक्ष कुठे होतं? सगळा उन्हाळा माशांचं पाणी मी लाल नळाचंच घालत आले होते. बोट धरून पाहिलं तर गारच, कारण आधी पाइपात साठलेलं पाणी येतं. मग तांब्या नळाखाली धरला आणि खिडकीतून खाली कोण आलंय ते बघत बसले. तांब्या भरला, तो तसाच बरणीत ओतला.

दोन मासे तिथल्या तिथे उलटे झाले. तिसरा कडेला चिकटला होता, त्याला मी पळीनं उचलून पिण्याच्या पाण्याच्या भांड्यात टाकलं. तो जगला.

नात शाळेतून आली. मला वाटलं, आता आकांत होईल. ती रडली, पण माझ्यावर चिडली नाही. बरणीकडे बघत म्हणाली, "हळूहळू गरम झालं असतं तर ते जगले असते, आजी. नदी पण एका दिवसात थंड होत नाही. तीन महिने लागतात. मासे रोज थोडे थोडे थंड होतात."

मी तिला जवळ घेतलं खरं, पण माझं मन तिच्या त्या तीन महिन्यांपाशी अडकलं. आणि संध्याकाळी जेवताना मी मुलाला सांगितलं, मी जानेवारीत येणार नाही. तुम्ही जा, मी गावी बहिणीकडे जाते. उन्हाळ्यात येईन, तिथली ऊब असताना.

त्याचा घास हातातच राहिला. माझा व्हिजा, त्यानं घातलेले खेटे, सगळं त्यानं ऐकवलं. सून म्हणाली, तिथे घर गरम असतं आई, बाहेर जावंच लागत नाही. म्हटलं, तेच तर.

मग त्यानं ताट बाजूला सारलं. "आई, खरं सांग. एकदा गावी गेलीस की येणारच नाहीस ना?"

दुपारपर्यंत माझ्या मनात तेच होतं, आणि त्यानं ते बरोबर ओळखलं होतं. नात माझ्याकडे बघत होती. मुलाच्या आणि माझ्या मध्ये भातावरचं वरण निवत चाललं होतं.

म्हटलं, "ऑगस्टचं तिकीट आत्ताच काढ. म्हणजे मला पळता येणार नाही. पण जानेवारीत नको रे. उकळत्यातून बर्फात एकदम नाही जमायचं मला. पानं गळताना बघू दे, मग थंडी पडू दे."

त्यानं उष्ट्या हातानंच लॅपटॉप ओढला, सुनेनं हात धुवायला लावला, आणि मग तो तारखा बघायला लागला. पहिल्या आठवड्यातली की शेवटच्या, त्यानं विचारलं. मी पहिली म्हटलं, पानं गळायच्या जवळची म्हणून नात शेवटची म्हणाली तरी.

सून माझा पासपोर्ट आणायला उठली. कुठे ठेवलाय ते मला सांगता येईना. गेल्या महिन्यात मी माझी बॅग तीनदा भरली होती आणि तीनदा रिकामी केली होती.