फरक नसल्याचा निकाल

आमच्या मंडळाला नाव नव्हतं, घटना नव्हती, पावतीपुस्तकही नव्हतं. तरी अमरावतीत आजवर जेवढी मंडळं झाली त्यांत सर्वांत गंभीरपणे चालणारं मंडळ आमचंच, हे मी छातीठोकपणे सांगतो. सदस्य चार. मी, कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. दुसरा अकोल्याचा, कापड दुकानदार. तिसरा धामणगाव रेल्वे या गावचा, कापसाचा जिनिंगवाला. आणि चौथा अंजनगाव सुर्जीचा पानमळेवाला. त्याला सिनेमातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो येताना घरची केळी आणायचा, म्हणून त्याला काढून टाकण्याचा विषय कधी निघाला नाही. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी माझ्या घरी जमायचं, गिला वडा खायचा आणि जुना हिंदी सिनेमा पाहायचा, एवढंच कामकाज.

नियम मात्र एक होता आणि तो कडक होता. सिनेमे चौघांनी वेगवेगळे घ्यायचे आणि आपसांत फिरवायचे. त्यामुळे चौघांच्या घरी यंत्र सारखंच हवं. बाजारात नवीन काही आलं की ते आधी माझ्या घरी येणार, चौघं पाहणार, आणि चौघांचं एकमत झालं तरच चौघं घेणार. कॅसेटवरून व्हीसीडीवर जायला आम्हाला दोन वर्षं लागली. व्हीसीडीत नायिका जरा जोरात नाचली की तिचे चौकोनी तुकडे व्हायचे, पण तबकडी घासत नाही, या मुद्द्यावर आम्ही होकार दिला. डीव्हीडीला दीड वर्ष लागलं. आम्ही होकार दिला की ती वस्तू दुकानातून नाहीशी होऊ लागते, असं जिनिंगवाल्याचं निरीक्षण होतं. ते खरं होतं. त्याचा आम्हाला अभिमानही होता, कारण घाई करणारी माणसं आणि विचार करणारी माणसं यांत आम्ही कुठे बसतो ते आम्ही आधीच ठरवून टाकलं होतं.

मग ब्लू-रे आला. त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. या खेपेला मात्र आमच्यातल्या एकाला घाई होती.

अकोल्याच्या मित्राच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. बडनेऱ्याला मी त्याला गाडीत बसवून द्यायला गेलो तेव्हा फलाटावर त्यानं मला हे सांगितलं, तेही कापडाचा भाव सांगावा तशा आवाजात. डॉक्टरांनी थेंब दिले होते. बाजूबाजूनं अंधार येत जाईल, मधलं शेवटी जाईल, किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग त्यानं खिशातून एक पुठ्ठा काढला. शर्टाच्या घडीत घालतात तसला. त्याच्यावर बारीक अक्षरात साठ सिनेमांची नावं होती.

"हे मले आणखी एक एक डाव पाहाचे आहेत," तो म्हणाला. "पण पाहीन तं नीट पाहीन. तो नवा प्लेअर खरंच तेवढा चांगला असन तं मी थांबतो. नसन तं उद्यापासूनच सुरू करतो. तू फिजिक्सचा मास्तर, तूच सांग."

आता एखाद्या साध्या माणसानं त्याच आठवड्यात दुकानात जाऊन चित्र पाहिलं असतं. आम्ही साधे नव्हतो. आम्ही चार बैठका घेतल्या. पेपरातली कात्रणं आणली. फरक रात्र आणि दिवसाएवढा आहे, असं एका कात्रणात होतं. त्यावर जाहिरातवाले असंच बोलतात, असा शेरा मी मारला. पानमळेवाल्यानं विचारलं की या तबकडीत निळं काय असतं. त्यात एक अख्खी दुपार गेली. अकोल्याचा मित्र प्रत्येक वेळी यायचा, ठरल्या वेळी मान मागे टाकून डोळ्यांत थेंब सोडायचा आणि निकालाची वाट पाहायचा.

शेवटी जिनिंगवाला नागपूरहून प्लेअर घेऊन आला. सोबत एक ब्लू-रे तबकडी. त्याच सिनेमाची डीव्हीडी माझ्याकडे होतीच. सिनेमाचं नाव सांगत नाही. आमची आवड एवढी ढोबळ होती हे लोकांना कळायला नको. प्रयोगाला लागतं ते सगळं जमलं होतं: एक सिनेमा, दोन तबकड्या, चार परीक्षक आणि एक प्राध्यापक. खोक्यातून प्लेअर निघाला, रिमोट निघाला, आणि पारदर्शक पिशवीत गुंडाळलेली एक जाड काळी वायर निघाली.

आमच्याकडे नव्या वस्तूसोबत जे जे नवं येतं ते आधी जपून ठेवायचं असतं. माझ्या घरी रिमोटला प्लास्टिक आहे, फ्रीजच्या हँडलला कापड आहे, आणि सोफ्याची खोळ मुलीच्या लग्नात काढली ती पाहुणे गेल्याबरोबर पुन्हा चढवली. त्यात माझ्या चपट्या टीव्हीच्या मागे पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिनांची वायर आधीच लागलेली होती. मेकॅनिकनं ती चिकटपट्टीनं बांधून दिली होती आणि हिला हात लावू नका, असं बजावलं होतं. घरातल्या देवांना आम्ही हलवलं असेल, त्या वायरीला नाही. पानमळेवाल्यानं नवी पिशवी उलटसुलट करून पाहिली.

"कायले खराब करतं?" तो म्हणाला. "जुनी लागलेलीच हाय नं."

एकमत झालं. नवी वायर पिशवीसकट कपाटात गेली आणि नव्या प्लेअरला जुन्याच तीन पिना खोचल्या. ज्यांना यातलं कळतं त्यांनी इथे कपाळावर हात मारला असेल. आम्ही मारला नाही. आम्ही गिला वडा खाल्ला आणि प्रयोग सुरू केला.

आधी डीव्हीडी, मग ब्लू-रे, मग पुन्हा डीव्हीडी. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. जवळून पाहिलं, दारातून पाहिलं, खुर्चीवर उभं राहून पाहिलं. अकोल्याचा मित्र टीव्हीसमोर खुर्ची घेऊन बसला होता. तो आधी एक डोळा झाकायचा, मग दुसरा. एकाच गाण्याचं एकच कडवं त्यानं सात वेळा लावायला सांगितलं. मग मी सगळ्यांना विचारलं, फरक दिसतो का. जिनिंगवाला म्हणाला, नाही. पानमळेवाला म्हणाला, सारखंच तं हाय. आणि मग मी पेपरच्या कोऱ्या कडेवर डोळ्याची आकृती काढली. माणसाच्या डोळ्याला एका मर्यादेपलीकडचे तपशील वेगळे करताच येत नाहीत, त्यामुळे डीव्हीडीच्या वर जे काही आहे ते फक्त विकणाऱ्याच्या सोयीसाठी आहे, हे मी वीस मिनिटं समजावून सांगितलं. माझं इतकं मुद्देसूद दुसरं व्याख्यान मला आठवत नाही. कॉलेजात पोरं मध्येच उठून जायची, इथे कोणी उठलं नाही.

अकोल्याच्या मित्रानं आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग "बरं," म्हणाला आणि थेंबांची बाटली खिशात ठेवली. त्या "बरं"ला मी माझ्या व्याख्यानाची पावती समजलो.

फरक नाही, असा निकाल लागला. प्लेअर परत करायचा कंटाळा म्हणून तो माझ्याकडेच राहिला. डीव्हीडी तोही लावायचाच.

पुढच्या महिन्यात अकोल्याचा मित्र आला नाही. दुकानात लग्नसराईची गर्दी आहे, असा निरोप आला. त्याच्या पुढच्या महिन्यात त्यानं आम्हा तिघांचे सगळे सिनेमे एका पिशवीत भरून जिनिंगवाल्याच्या हाती परत पाठवले. फोन केला तर तब्येत विचारायचा, मुलीचं विचारायचा, आणि सिनेमाचं काढलं की त्याच्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक यायचं. मी चिडलो. एका यंत्रावरून चाळीस वर्षांचे मित्र सोडणारा माणूस कोत्याच मनाचा असला पाहिजे, असं मी घरात दोनतीनदा बोलून दाखवलं. बायको म्हणाली, एकदा जाऊन का नाही विचारत? मी म्हटलं, गरज त्याला आहे, तो येईल. असली वाक्यं मला फार पटकन सुचतात. मंडळ पुढे वर्षभर तिघांवर चाललं आणि मग बंद पडलं. केळीही बंद झाली.

गेल्या वर्षी आमचा जुना टीव्ही एकदाचा गेला. नवीन टीव्ही भिंतीवर बसवायला आलेल्या माणसानं प्लेअर हातात घेतला आणि वायर मागितली. मी तीन पिना पुढे केल्या. या टीव्हीला असली भोकंच नाहीत काका, असं तो म्हणाला. मी नव्या पिढीला काहीच जुनं चालत नाही, यावर बोलायला लागलो होतो. तेवढ्यात बायकोनं कपाटातून ती पिशवी आणून त्याच्या हातात दिली. दहा वर्षं डांबराच्या गोळ्यांत राहून वायर अगदी कोरी होती. माझ्या संसारात एवढी नीट राहिलेली दुसरी वस्तू नाही.

त्यानं वायर लावली. प्लेअरबरोबर आलेली तीच तबकडी मी आत सरकवली आणि खुर्चीत बसलो.

नायिकेच्या साडीच्या काठातला एकेक धागा दिसत होता. मागच्या भिंतीचे पोपडे दिसत होते. नायकाच्या कपाळावर घाम होता आणि तो घाम आहे हे मला पन्नास वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. डीव्हीडी लावून पाहिली. मग पुन्हा ब्लू-रे. कात्रणात लिहिलं होतं तसंच होतं, रात्र आणि दिवसाएवढं. आमच्या तीन पिनांतून एवढं चित्र जाऊच शकत नव्हतं. विहिरीला मोटर बसवायची आणि पाणी पिचकारीनं घ्यायचं, असा तो आमचा प्रयोग होता. हे अकरावीच्या पोरालाही कळलं असतं. मी एमएस्सीला शिकवत होतो.

बसवणारा माणूस गेला. चहा करू का, असं बायकोनं विचारलं. अकोल्याच्या मित्राचा पुठ्ठा, साठ नावं, आणि मी काढलेली ती डोळ्याची आकृती, एवढंच डोक्यात फिरत होतं. मला स्वतःची लाज वाटली. खोटं कशाला सांगू, भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी मी प्लेअर, तबकडी आणि वायर पिशवीत घालून अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत माफीची तीन भाषणं तयार केली आणि तिन्ही रद्द केली. त्याच्या घरी पोचलो तर तो बैठकीत बसला होता. त्याला आता समोरचं तेवढं दिसत होतं, नळीतून पाहिल्यासारखं. मी दारात उभा होतो तरी त्यानं मान इकडेतिकडे फिरवून मला शोधलं. सापडलो तेव्हा मनापासून हसला. दुकान मुलगा पाहतो, असं सांगितलं. वहिनींनी पाणी आणलं. मी पिशवी पायाशी ठेवली आणि सुरुवात कुठून करावी ते पाहू लागलो. तोच आधी बोलला.

"बरं झालं आला. मले तुले एक सांगाचं होतं. त्या दिवशी तुह्या घरी तुमी तिघं माह्यासाठी खोटं बोलले, ते मले तवाच समजलं होतं."

तो पुढे बोलतच होता.

"साऱ्या दुनियेले फरक दिसत होता. मले दिसला नाही. म्हटलं, गेले आपले डोये, डॉक्टर म्हणते त्याच्याआधीच गेले. अन् तुमी तिघं मले वाईट वाटू नये म्हणून सांगून राहिले का आमालेबी नाही दिसत. तू तं पेपरावर चित्र काढून सांगतलं. मी घरी येऊन हिले म्हटलं, असे दोस्त कोणाले भेटत नाहीत."

वहिनींनी मान डोलावली. दहा वर्षं त्या घरात माझं कौतुक चाललं होतं आणि मी तिकडे त्याला कोत्या मनाचा म्हणत होतो.

हे असंच राहू द्यायला काही लागत नव्हतं. चहा प्यायचा, पिशवी उचलायची आणि शेवटच्या बसनं घरी यायचं. मी तसं करायचं जवळजवळ ठरवलंही होतं. पण तो माझ्याकडे इतक्या विश्वासानं पाहत होता की मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. पिशवीतली वायर, तीन पिना, चिकटपट्टी. त्या दिवशी फरक कोणालाच दिसला नव्हता, कारण टीव्हीवर फरक आलाच नव्हता. आम्ही खोटं बोललो नव्हतो. आम्ही मूर्ख होतो.

वहिनी हातातला ट्रे तसाच धरून दारात उभ्या होत्या.

"म्हणजे तवा माहे डोये चांगले होते," तो म्हणाला.

"हो."

"चांगलं दिसत होतं मले."

"आमच्यासारखंच दिसत होतं."

त्यानं मान हळूहळू फिरवत मला पुन्हा शोधलं.

"मंग मी पिच्चर पाहणं काहून सोडलं बे?"

मी उठलो, त्याच्या टीव्हीच्या मागे वाकलो आणि वायर कुठे बसते ते शोधू लागलो.